पाय न टेकता

१

दुपारचे जेवण उरकले, की आमच्या घरात एक ठरलेला क्रम असे. माझे यजमान मागच्या खोलीत खिडकीकडे पाय करून आडवे होत. मी भांडी घासून, ओटा कोरडा करून, स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी वर्तमानपत्र घेऊन बसत असे. मधले दार उघडे असे. घराच्या पाठीला डोंगर लागलेला आहे, आणि त्या डोंगरावरून सायकलींच्या वाटा झाडांमधून वळणे घेत थेट नदीपर्यंत उतरतात. लांबून लांबून माणसे जाड टायरांच्या सायकली घेऊन या वाटांसाठी येतात, आणि दुपारभर त्यांची ये-जा आमच्या कानांवर पडत असते.

उतारावर स्वार पॅडल मारायचे थांबवतो, तेव्हा मागच्या चाकातल्या फ्रीव्हीलची टिकटिक सुरू होते. ती प्रत्येक सायकलीची निराळी. कुणाची रातकिड्यासारखी बारीक, कुणाची जुन्या घड्याळाला किल्ली दिल्यासारखी खरखरीत. हे डोळे मिटून पडल्या पडल्या सांगत, की ही बेकरीवाल्याची, साखळीला महिनोन्‌महिने तेल नाही. किंवा ही बँकेतल्या नव्या साहेबांची, सायकल महागाची आहे पण ब्रेक सोडायची छाती नाही. मी उठून खिडकीतून पाहत असे. अंदाज कधी चुकलेला मला आठवत नाही.

त्या सगळ्या वाटा यांनीच आखलेल्या. नोकरीत असताना यांनी रस्ते आखले, आणि निवृत्तीनंतर इतर लोक बागेत गुलाब लावतात तसे हे डोंगरात खुंट्या ठोकत फिरले. आता तरी जरा सरळ बसा, असे मी म्हणत असे. त्यावर यांचे उत्तर ठरलेले होते.

"सरळ बसायला मी काय तुझ्या वर्गात आहे?"

गेल्या वर्षी यांच्या हृदयाने दगा दिला. तेव्हापासून अंगणाच्या पायऱ्यासुद्धा यांना डोंगर झाल्या. ऐकणे तेवढे उरले.

२

या कामाची एक रीत आहे, ती आधी सांगते. ज्याने वाट आखली, त्याने ती वरपासून खालपर्यंत स्वतः उतरायची. एकदाही पाय न टेकता. जिथे पाय टेकेल, तिथे वाट चुकली असे धरायचे. दोष स्वाराला द्यायचा नाही. ती जागा खणून नव्याने बांधायची आणि पुन्हा वरून सुरुवात करायची. तोवर वाटेच्या तोंडाशी दोरी बांधलेली असते, आणि ती दुसऱ्या कुणासाठीही सोडत नाहीत.

यांची शेवटची वाट या रीतीतच अडकली होती. ती आमच्या घराच्या अगदी जवळून नदीवर उतरते. वरची वळणे खडकाळ, मधली झाडीतली, आणि सर्वांत खाली, नदीच्या जरा वर, डावीकडे एकदम मुरडणारे एक वळण. त्याला सगळे 'कोपर' म्हणत. हे आजारी पडले तेव्हा वाट अर्धीमुर्धी झाली होती. पुढचे काम चिमणीने यांना विचारून विचारून पुरे केले.

चिमणी ही वाटांवरच्या टोळीची मुकादम. शाळेत माझ्या हाताखाली होती. एका जागी बसत नसे म्हणून मीच तिला हे नाव दिले होते. आता तिचे खांदे दारातून आडवे होऊन आत येतात, पण नाव राहिले. दर काही दिवसांनी ती चिखलाचे बूट बाहेर काढून उंबऱ्यावर टेकायची आणि यांना विचारायची, की काका, वाट उघडायची का. मी उतरल्याशिवाय कशी उघडशील, असे हे म्हणायचे. मग उतरा ना, असे ती म्हणायची. उतरतो, घाई आहे का तुला, असे हे म्हणायचे. मग तिघेही हसत असू. भिंत धरल्याशिवाय न्हाणीघरापर्यंत पोहोचत नसलेल्या माणसाचे हे बोलणे होते. हसण्याखेरीज त्याचे दुसरे काय करणार?

३

एका सकाळी चिमणी आली ती उंबऱ्यावर बसली नाही. तिने मला खुणेने बाहेर बोलावले. वर दोरी तशीच बांधलेली आहे, पण वाटेवरून कुणीतरी उतरले आहे, असे तिने हळू आवाजात सांगितले.

माझे आयुष्य शाळेत गेले आहे. दोरी दिसली की ती ओलांडणारी मुले मला नवी नाहीत. मी तिला तसे म्हटलेही.  ती मला फक्त वर घेऊन गेली.

नदीवरचे धुके रात्रभर त्या उतारावर पडून असते, त्यामुळे माती ओलसर आणि ठसा नीट धरणारी होती. दोरीच्या अलीकडे काहीच नव्हते. पलीकडे टायरांची एक रेघ एकदम सुरू झाली होती आणि सुरेख, न अडखळता, वळणामागून वळण घेत खाली गेली होती. आम्ही तिच्या कडेकडेने उतरलो. मधल्या झाडीत एक बसका काळा कातळ आहे. तिथे रेघ थोडी डळमळली होती, आणि तिच्या शेजारी एका बुटाचा ठसा होता. डाव्या पायाचा, खोल.

त्याच्यापुढे काहीच नव्हते. टायरही नाही, बूटही नाही. माती जशी झाडली होती तशीच.

"तो गेला कुठे, बाई?" चिमणीने विचारले.

सायकल उचलून झाडीतून गेला असेल, असे मी सांगितले, आणि सांगताना मला ते पटलेही. पण माझे लक्ष ठशाच्या टाचेकडे होते. टाच बाहेरच्या अंगाने झिजलेली होती आणि त्यावर चांभाराने मारलेल्या अर्धगोल तुकड्याची कड उमटली होती. तो तुकडा मारून घ्यायला बूट मीच नेला होता.

४

घरी आल्यावर मी पहिल्याने बोळात गेले. यांची सायकल तिथे भिंतीवरच्या आकड्यांना टांगलेली असते. टायर कोरडे होते. मागच्या चाकाच्या आऱ्यांमध्ये कोळ्याने घर केले होते, आणि जाळ्याचा एक धागाही तुटलेला नव्हता. बूट कपाटाखाली जिथे होते तिथेच होते. मी ते उचलून माझ्या कपाटात ठेवले, कपाटाला कुलूप लावले आणि किल्ली कमरेला खोचली. आपण हे का करीत आहोत, असे मी स्वतःला विचारले. शंकानिरसनासाठी, असे उत्तर दिले. उत्तर ठीक होते.

मग दंताळे घेऊन मी त्या कातळापर्यंत चढले आणि ठसा पुसून माती सारखी केली.

त्या दुपारी मी वर्तमानपत्र घेतले नाही. खुर्ची यांच्या पलंगाशी ओढली. खिडकीतून हिरवट उजेड येत होता, पाण्याची बाटली टेबलावर होती, औषधांचा वास होता. यांना लगेच झोप लागली. बेकरीवाला गेला, त्याची साखळी मीसुद्धा आता ओळखू लागले होते. नंतर बराच वेळ शांतता होती.

मग वरून एक टिकटिक आली. संथ, एकसारखी, मध्येच एक ठोका गाळणारी. तो गाळलेला ठोका मी लग्नानंतरच्या सगळ्या संध्याकाळी ऐकला होता. तो ऐकू आला की मी चहाचे आधण ठेवत असे.

मी यांच्याकडे पाहिले. पांघरुणावर दोन्ही हातांची दोन दोन बोटे वाकली होती, ब्रेकवर असतात तशी. बाहेर आवाज वळला की यांचा खांदा किंचित त्या बाजूला झुके. चेहरा असा स्वच्छ दिसत होता, की मी हाक मारायला उघडलेले तोंड मिटले. आणि एकाएकी पांघरुणातून डावा पाय बाहेर आला आणि पलंगाच्या काठावर जोरात टेकला.

बाहेरची टिकटिक त्याच क्षणी थांबली.

यांनी डोळे उघडले. माझ्याकडे पाहून ओशाळे हसले.

"चहा टाकतेस?"

दुसऱ्या दिवशी ठसा कातळाच्या बराच खाली होता.

५

झोपेतल्या झटक्यांना शास्त्रात नाव आहे, आणि एका चालीची टिकटिक करणारी सायकल जगात एकच असते असे नाही. ही दोन वाक्ये मी रोज मनात नीट मांडत असे. मांडणी निर्दोष होती, तरी मी रोज दुपारी खुर्ची ओढून बसतच होते.

ठसा खाली खाली येत होता. जसा तो खाली आला, तसे हे हलके होत गेले. जेवण निम्म्यावर आले. तक्रार बंद झाली, आणि तक्रारीशिवायचे हे मला ओळखू येईनात. इतरांच्या सायकली ओळखणेही यांनी सोडून दिले. बँकेचे साहेब खिडकीखालून गेले तरी हे त्यांच्या ब्रेकबद्दल अवाक्षर काढीत नसत. डॉक्टर आले, छाती तपासली, आणि यांच्याऐवजी माझ्याकडे बघून म्हणाले की बघू या. लेक फोनवर म्हणाली, की बाबांना इकडे घेऊन ये, इथे इस्पितळ जवळ आहे, इमारतीला लिफ्ट आहे. मी ते यांना सांगितले.

"लिफ्ट?" हे म्हणाले. "म्हणजे उतार नाहीच."

एका दुपारी चहा घेताना मी सरळ विचारले, की झोपेत तुम्ही कुठे असता. यांनी बशीत चहा ओतला आणि तो निवेपर्यंत माझ्याकडे पाहिले. इतक्या वर्षांनी एखादी गोष्ट लपवायला जागा उरत नाही.

"तुला ऐकू येतं होय," हे म्हणाले. "बरं झालं. एकट्यालाच येतंय असं वाटलं होतं."

"आज कुठवर?"

"कोपराच्या वरपर्यंत पाय टेकला नाही. आता एकच वळण राहिलं."

"आणि कोपरानंतर?"

"नदी."

"आणि पलीकडे?"

"पलीकडचं मी आखलेलं नाही," हे म्हणाले. कचेरीत कुणी चुकीच्या टेबलापाशी आले तर ज्या सौजन्याने सांगतात, त्या सौजन्याने. मग बशीतला चहा प्यायले आणि मिशी पुसली.

६

दुसऱ्या दिवशी सकाळी बोळातली पहार घेऊन मी कोपराशी गेले.

त्या वळणाच्या आतल्या अंगाला एक चपटा दगड डोंगरात कलवून बसवलेला होता, आणि वळणाचा सगळा भार त्याच्यावर होता. पहारीचे टोक त्याच्या फटीत घालून मी जोर दिला. पहिल्यांदा तो हलला नाही. माझ्या वयाच्या बाईने असली कामे करू नयेत हे मला माहीत होते, आणि शहाण्या बाईने अशा कारणासाठी तर नयेतच, हेही. मी पुन्हा जोर दिला. दगड सुटला, त्याच्यामागून मुरूम घसरला, आणि वाटेला तिथे एक खाच पडली.

दुपारी टिकटिक आली. वरची वळणे, कातळ, झाडी, सगळे तिने लीलया ओलांडले. यांच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू जमू लागले होते. मी पदराचे टोक मुठीत आवळले. मग आवाज कोपराशी आला, अडखळला, आणि यांचा पाय पलंगाच्या काठावर धाडकन आदळला.

हे जागे झाले, कपाळाला आठ्या घालून. चहाबरोबर बिस्किटे मागितली. रात्री पोटभर जेवले, आणि बेकरीवाल्याच्या साखळीला नावे ठेवली. मी पाठ फिरवून भांडी घासत राहिले, कारण माझा चेहरा यांना दिसू द्यायचा नव्हता. एवढा आनंद मला कितीतरी दिवसांत झाला नव्हता.

तेव्हापासून चिमणीने दगड बसवावा आणि मी तो काढावा, असे चालू झाले. तिला वाटे, की धुक्याच्या पाण्याने मुरूम सुटतो. मग तिला पहारीची खूण दिसली. ती उंबऱ्यावर येऊन संतापून सांगू लागली, की कुणीतरी टवाळ कार्टे आहे, वाट उघडली असती तर एखाद्याची मान मोडली असती, आणि सापडले की ती त्याचा कान पिळणार आहे.

"पीळ," मी म्हटले.

हे आतून हसले. हे हसत होते, जेवत होते, भांडत होते. कान पिळून घ्यायची माझी तयारी होती.

७

पण पाय सुजू लागला.

आधी नुसता घोटा लाल दिसे. मग तो इतका फुगला, की मोजा चढेना. पलंगावर पडून असलेल्या माणसाचा पाय मुरगळतो कसा, असे डॉक्टरांनी विचारले, आणि या वेळीही ते माझ्याकडेच बघत होते. मी शेक दिला, मलम चोळले, आणि सकाळी पहार घेऊन गेले. खाच थोडी लहान ठेवावी, म्हणजे धक्का कमी बसेल, असा विचार मी त्या दिवशी केला. आपण काय विचार करीत आहोत हे स्पष्ट ऐकू येऊनही मी तो केला.

त्या दुपारी बाहेर टिकटिक तुटली, पण पाय टेकल्याचा आवाज आला नाही. यांचे सगळे अंग एकदम डाव्या कुशीवर फेकले गेले आणि हात पलंगाबाहेर लोंबकळला. डोळे उघडले तेव्हा हे आधी मला ओळखेचनात.

"पडलो," हे म्हणाले.

डावा तळवा सोलवटला होता. मी घमेल्यात कोमट पाणी आणले आणि हात त्यात धरून हळूहळू धुतला.  पाणी निवळले तेव्हा घमेल्याच्या तळाशी तांबूस मुरूम बसलेला दिसला. तो मी मोरीत ओतला आणि नळ बराच वेळ सोडून ठेवला.

परत आले तर हे छताकडे बघत होते. डोळ्यांतून पाणी कानाकडे ओघळत होते. बाप गेला तेव्हाही मी यांना असे रडताना पाहिले नव्हते.

"वळण चांगलं आखलं होतं मी," हे म्हणाले. "उतार मोजला होता, पाणी कुठून जाईल ते पाहिलं होतं. कुठे चुकतंय तेच कळत नाही. म्हातारपणी नजर गेली वाटतं माझी. आधीच्या वाटा तरी बरोबर आहेत का, कोण जाणे."

मी त्या खुर्चीवर बसून राहिले. शाळेत मी कडक म्हणून ओळखली जात असे आणि त्याचा मला अभिमान आहे. पण बरोबर सोडवलेल्या गणितावर मी कधीही लाल फुली मारली नव्हती. आता एक मनुष्य माझ्यासमोर आपले बरोबर गणित पुन्हा पुन्हा तपासत होता, आणि त्याला फुली मी देत होते.

८

"वळण बरोबर आहे," मी म्हटले. "दगड मी काढते."

यांनी मान वळवली. बाहेर कुणीतरी दोघे स्वार एकमेकांना हाका मारत नदीकडे गेले. त्यांचे आवाज विरेपर्यंत हे माझ्याकडे बघत होते. रागावतील असे मला वाटले होते. रागावले असते तर बरे झाले असते.

"तू?" हे म्हणाले. "पहारीनं?"

"हो."

"हातमोजे घातले होतेस का?"

मी नाही म्हटले. यांनी माझा हात ओढून घेतला आणि तळव्यावरचे फोड एकेक करून पाहिले. यांचा सोलवटलेला हात माझ्या हाताखाली होता. आम्ही दोघे तसे बसलो असताना कुणी पाहिले असते, तर दोन कामचुकार मुले शिक्षा होऊन आली आहेत असे त्याला वाटले असते.

"मग आता नीट बसवायलाही शीक," हे थोड्या वेळाने म्हणाले.

यांनी मला सांगितले. दगडाचे तोंड उताराकडे असू नये. तो डोंगराच्या पोटात कललेला असावा, म्हणजे भार आला की आणखी घट्ट बसतो. खाली मोठा मुरूम, वर बारीक. थोडे पाणी, मग माती दाबायची धुम्मस. धुम्मस आपटायची नसते, उचलून नुसती सोडायची; तिचे वजन तिला कळते. मी मध्ये शंका विचारल्या आणि यांनी त्यांची उत्तरे दिली. दगडाखाली पोकळी राहिली तर कसे कळणार, असे मी विचारले तेव्हा हे खूश झाले. ठोकून ऐकायचे, असे म्हणाले. भरीव असेल तर दगड बोलत नाही.

मग मी उठू लागले. यांनी माझे मनगट सोडले नाही.

"उद्या," हे म्हणाले. "आज बस इथेच."

त्या दुपारी हे झोपले नाहीत. आम्ही बोलत राहिलो. लेकीच्या लहानपणाबद्दल, पहिल्या घराच्या गळक्या नळाबद्दल, आणि एकदा मी यांना सगळ्या शिक्षकांसमोर खोटे पाडले होते त्याबद्दल. तो वाद यांनी पुन्हा उकरून काढला, आणि मी पुन्हा जिंकले. संध्याकाळ होईपर्यंत डोंगरावरून कुठलाही आवाज आला नाही.

रात्री मी लेकीला फोन करून ये म्हणून सांगितले. 

९

सकाळी चिमणी कोपराशी आधीच उभी होती. माझ्या हातातली पहार तिने पाहिली, मग माझे हात पाहिले, आणि तिला कळायचे ते कळले. कान पिळण्याची गोष्ट ती बोलली नाही. मी दगड बसवायला लागले तेव्हा ती मदतीला वाकली. मी नको म्हटल्यावर बाजूला उभी राहून फक्त पाणी घालत गेली. दगड कलवून बसवला, मुरूम भरला, धुम्मस उचलून सोडली. शेवटी दगड ठोकून पाहिला. तो बोलला नाही.

दुपारी लेक आली. यांच्या पलंगाशी माझ्या खुर्चीवर तिला बसवले. मीही तिच्या शेजारी स्टूल घेऊन बसणार होते, पण यांनी मान हलवली.

"खोलीत काय बघणार तू?" हे म्हणाले. "कोपराशी जा."

लेकीने आश्चर्याने आमच्याकडे पाहिले. मी यांचे पांघरूण सारखे केले, सुजलेल्या पायाखाली उशी सरकवली. यांनी डोळे मिटले होते. मी बाहेर पडले.

कोपराच्या वर एक झाड आहे, त्याच्या बुंध्याला टेकून मी उभी राहिले. खाली नदी ऊन घेऊन वाहत होती. घराची मागची खिडकी तिथून दिसते. पडदा हलत होता. माती ताजी होती, तिच्यावर माझ्याच हातांचे ठसे होते. काहीही होणार नाही, असे मला वाटले. वाऱ्यावर उभे राहून सर्दी होईल, आणि चहाच्या वेळी मी घरी जाईन.

टिकटिक वरून आली. संथ, एक ठोका गाळणारी. कातळ ओलांडला. झाडी ओलांडली. ती जवळ आली तशी माझ्या मागच्या झाडावरची पाखरे गप्प झाली, उडाली मात्र नाहीत.

मी काय पाहिले ते जेवढे पाहिले तेवढेच सांगते. एक खांदा डावीकडे कलला. एका चाकाने ऊन कापले. दगडापाशी डावा पाय पॅडलवरून सुटला आणि मातीच्या अगदी जवळ, बोटभर वर, तरंगत राहिला. झिजलेली टाच मला दिसली. बूट माझ्या कपाटात कुलपात होते, आणि टाच मला दिसली. चेहरा मी पाहिला नाही. मला बघता आला असता, पण मी दगडाकडे बघत होते. दगड हलला नाही. पाय पुन्हा पॅडलवर गेला.

सायकल वळणापलीकडे गेली.

मातीवर टायरांची रेघ होती, सुरेख, कुठेही न डळमळलेली. तिच्या शेजारी दुसरी कुठलीच खूण नव्हती.

मला वाटले होते, की आता तो आवाज लांब जाईल. तो गेला नाही. झाडोऱ्याआड, वळणाच्या जरा खाली, तो थांबला होता. सायकल उभी करून कुणाची तरी वाट बघणारा माणूस चाळा म्हणून पॅडल उलटे फिरवतो, तेव्हा येते तशी टिकटिक मला ऐकू येत होती. थोडी फिरे, थांबे, पुन्हा फिरे. बाजारात मी भाजीपाशी रेंगाळले, की हे असेच पुढे जाऊन थांबत, आणि कधीही घाई करीत नसत.

माझे पाऊल उचलले गेले. उतार सोपा होता. आखलाच तसा होता. चार झुडपे बाजूला केली असती तर मला दिसले असते.

त्याच वेळी घरातून लेकीने हाक मारली. "आई." ओरडली नाही ती. लहानपणी ताप चढला की अंथरुणातून मारायची, तशी हाक. खिडकीतला पडदा हलायचा थांबला होता.

खाली टिकटिक पुन्हा एकदा फिरली आणि थांबली.

"तुम्ही व्हा पुढे," मी म्हटले. माझा आवाज मला नेहमीसारखा वाटला. चप्पल सापडत नसताना, दाराला कुलूप लावायचे राहिलेले असताना, जन्मभर यांना म्हणत आले तसा. "व्हा पुढे. मी येते."

काही वेळ काहीच झाले नाही. मग आवाज सुरू झाला, आणि नदीच्या दिशेने सावकाश जाऊ लागला. पाण्याशी तो थांबेल म्हणून मी ऐकत राहिले. तो थांबला नाही. पाण्याच्या आवाजात मिसळत गेला, आणि मग त्यातला कुठला कोणता हे मला सांगता येईना.

लेकीने पुन्हा हाक मारली.

"आले गं," मी म्हटले, आणि घराकडे निघाले.